गॅस गिझर पेटंना झालाय, नवे सेल घातले तरी काही नाही (अनगोळ, बेळगाव)

चाफा_अनगोळ
सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, जरा मदत करा. आमच्या न्हाणीतला गॅस गिझर शनिवारपासून धड पेटंना झालाय. सहा लिटरचा आहे, बसवून चार वर्षं झाली, आजवर एकदाही तक्रार नव्हती. बाहेर पुष्य नक्षत्राचा म्हातारा पाऊस लागून राहिलाय. सहा दिवस ऊन बघितलं नाही, त्यामुळं गच्चीवरच्या सोलरचं पाणीही हाताला थंडच लागतं. घरात मी आणि माझी ७८ वर्षांची आई, दोघीच. मी साडेआठला शाळेत जाते, त्याआधी तिची आंघोळ उरकावी लागते. सध्या शेगडीवर पातेल्यात पाणी तापवून न्हाणीपर्यंत नेते. ओल्या फरशीवरून ते उकळतं पातेलं नेताना जीव मुठीत असतो.

काय होतं ते नीट सांगते. नळ सोडला की बहुतेक वेळा काहीच होत नाही, टिकटिकसुद्धा नाही. पाच-सहा वेळा बंद-चालू केलं की एखाद्या वेळी टिकटिक होऊन पेटतो आणि पाणी चांगलं कढत येतं. पण आई आंघोळीला बसली की सात-आठ मिनिटांत आपोआप विझतो, आणि ती साबण लावलेल्या अंगानं मला हाक मारते. खालचे दोन मोठे सेल रविवारी नवे आणून घातले. सिलिंडर गेल्याच आठवड्यात बदललाय.

मिस्त्री दोन दिवस झाले 'उद्या येतो' म्हणतोय. तोवर आपल्याला काय बघता येईल? आईचीही तब्येत जरा नरम आहे, आंघोळीनंतर डोकं गरगरतं म्हणते. बीपीची गोळी बदलून घ्यायची आहे. त्यात हे.


लेथवाला
सोमवार, रात्री ९:४५

अक्का, तुमच्याकडं दोन वेगळे बिघाड एकात एक मिसळलेत असं दिसतंय. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात बावीस वर्षं लेथवर आहे, आणि गल्लीतले गिझर सुट्टीदिवशी मीच खोलतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिझर पेटायला एकामागनं एक गोष्टी व्हाव्या लागतात. नळ सोडला की पाणी आत शिरतं. आत रबराचा एक पडदा असतो, डायफ्राम. पाण्याच्या जोरानं तो सरकतो, एक पिन पुढं ढकलतो, ती पिन बारक्या स्विचला दाबते. तेव्हा कुठं सेलचा करंट सुटतो. १.५ व्होल्टचे दोन सेल, मिळून ३ व्होल्ट, त्यावर सगळा खेळ. करंट सुटला की ठिणगी टिकटिक करायला लागते आणि गॅसचा व्हॉल्व टक्क करून उघडतो. ज्योत लागली की ज्योतीत टोक असलेली एक काडी असते, तो सेन्सर. ज्योत आहे हे त्याच्यामुळं कळतं आणि टिकटिक थांबते. काही सेकंदांत ज्योत कळली नाही तर व्हॉल्व परत बंद.

म्हणून आधी कान लावायचा. टिकटिकच नसेल तर गॅसकडं बघायचंच नाही. दोष सेलात, स्विचात नाहीतर पाण्यात. टिकटिक आहे पण पेटत नाही, तर मग गॅस बघायचा. नवा सिलिंडर जोडल्यावर नळीत हवा अडकते, तीही पहिल्या दोन-चार खेपांना असं करते. पेटून लगेच दोन-तीन सेकंदांत विझतो, तर सेन्सरची काडी काजळलेली. आणि पेटून बऱ्याच वेळानं विझतो ते दुखणं वेगळंच, त्याकडं मागनं येऊ.

तुमचं पहिलं दुखणं 'टिकटिक नाही' हे आहे. सेल नवे असले तरी डब्यातल्या पत्र्याच्या पट्ट्या बघा, पावसाळ्यात त्यावर हिरवट गंज चढतो. पॉलिश पेपरनं घासा. मग पाणी. एक लिटरचं माप घ्या, गरम पाण्याचा नळ पुरा सोडा, आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. पंचवीसच्या वर गेलं तर पडदा हलणं अवघड. सध्या नळाला गढूळ पाणी येतंय. गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाला एक बारकी जाळी असते, ती गाळानं भरली असणार असा माझा अंदाज.

मोजून सांगा. अंदाजानं काही खोलू नका.


निपाणीकर_मामा
सोमवार, रात्री १०:२०

पोरी, टाकी गिझरपेक्षा किती उंच आहे तेही बघ. उभ्या पाण्याच्या दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. गिझरला पाव बारच्या आसपास तरी दाब लागतो, म्हणजे अडीच मीटर. आमच्या इथं टाकी न्हाणीच्या स्लॅबवरच ठेवली होती, चार फुटांवर. गिझर कधीच धड चालला नाही, आणि आम्ही दोन वर्षं सेलच बदलत बसलो. शेवटी टाकी चौकट करून वर चढवली.


चाफा_अनगोळ
मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मामा, टाकी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आहे, उंची भरपूर.

लेथवाला दादा, सकाळी मोजलं. एक लिटरला ३६ सेकंद! शेजारच्या मुलाला पान्हा घेऊन बोलावलं. त्यानं वरचा कॉक बंद केला, नट सैल केला आणि जाळी बाहेर काढली. बोटाच्या नखाएवढी जाळी. तिच्यावर तांबड्या गाळाचा थर असा बसला होता की जाळीची भोकंच दिसत नव्हती. वाळलेला गेरू असावा तसा. जुन्या टूथब्रशनं घासून धुतली, जाळीमागच्या पाइपातलं पाणी बादलीत सोडून दिलं, ते पहिल्यांदा चहासारखं आलं आणि मग नितळ. परत जोडलं. एक लिटरला १३ सेकंद. नळ सोडल्याबरोबर पहिल्या झटक्यात टिकटिक आणि भस्सकन पेटला. मला इतका आनंद झाला की आईला हाका मारून दाखवलं.

पण दुसरं दुखणं तसंच आहे. दुपारी आई आंघोळीला बसली आणि आठव्या मिनिटाला विझला. आणि आज मिस्त्री आला एकदाचा. त्यानं बघितलं आणि म्हणाला, सेन्सर गेलाय, नवा मिळायला आठवडा लागेल, तोवर सेन्सर बायपास करून देतो, चारशे रुपये द्या, मग विझणारच नाही. उद्या सामान घेऊन येतो म्हणालाय. करून घेऊ का? आईची आंघोळ तरी नीट होईल.


लेथवाला
मंगळवार, संध्याकाळी ७:०५

अक्का, करून घेऊ नका. फोन करून त्याला येऊ नको म्हणून सांगा.

सेन्सर खराब असता तर दोन-तीन सेकंदांत विझला असता, आठ मिनिटं चाललाच नसता. आठ मिनिटं नीट जळून मग ज्योत जाते याचा अर्थ तिला काहीतरी कमी पडतंय. बायपास केला तर ज्योत गेली तरी गॅस सुरूच राहील.

मला तीन गोष्टी सांगा. तुम्ही स्वतः बादल्या भरता तेव्हाही आठ मिनिटांतच विझतो का? त्या वेळी न्हाणीचं दार उघडं असतं की बंद? आणि खिडकी कशी आहे? ज्योतीचा रंगही बघा, निळी आहे की वर पिवळी शेंडी मारते.


नर्सताई_शहापूर
मंगळवार, संध्याकाळी ७:२०

मी हा धागा आत्ता वाचला. चाफाताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी मला सांगा, तुमच्या आईंचं डोकं कधीपासून गरगरतंय? फक्त आंघोळीनंतरच का? मळमळ होते का? पायांत बळ नसल्यासारखं वाटतं का? बाहेर येऊन पडल्यावर तास-दोन तासांनी बरं वाटतं का?

उत्तर 'हो' असेल तर आज रात्रीपासून तो गिझर पेटवू नका. एकदाही नाही.


चाफा_अनगोळ
मंगळवार, संध्याकाळी ७:४०

ताई, हात थरथरतायत माझे लिहिताना.

जूनपासून. आंघोळीनंतरच. बाहेर आली की कॉटवर आडवी होते, डोकं धरून. जेवणापर्यंत बरी होते. दोनदा उलटीसारखं झालं, आम्ही पित्त म्हणून सोडून दिलं.

लेथवाला दादा, मी बादल्या भरते तेव्हा दार सताड उघडं असतं आणि गिझर बंद पडत नाही. वीस मिनिटांनी त्याचा त्याचा टायमर बंद करतो तेवढंच. आई बसते तेव्हा दार आतून बंद. आणि खिडकी... मृगाच्या पहिल्या पावसात झडीचं पाणी जाळीतून आत येऊन भिंत ओली होत होती, आईला वारा लागून खोकला होत होता. म्हणून मीच फ्लेक्सचा तुकडा घेऊन जाळीवर चारी बाजूंनी खिळे मारून ताणून बसवला. एक सुईएवढी फट ठेवली नाही.


नर्सताई_शहापूर
मंगळवार, संध्याकाळी ७:५५

ताई, आधी शांत व्हा. आई आत्ता कशा आहेत? बोलतायत ना नीट? नीट असतील तर आज रात्रीच किंवा उद्या सकाळी पहिल्यांदा दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा की 'बंद न्हाणीत गॅस गिझर आहे'. नुसतं 'चक्कर येते' म्हणालात तर बीपी बघून पाठवून देतील. गुंगी, बरळणं, छातीत दुखणं यातलं काही दिसलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

सगळ्यांसाठी लिहिते, कारण हे मी कामावर डोळ्यांनी बघितलंय. गॅस पुऱ्या हवेत जळला तर त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरचा गॅस गळला तर नाकाला कळतो, कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो. याला वासच नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरून बसतो. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. म्हणून आई दुपारपर्यंत बऱ्या व्हायच्या.

आणखी एक. बोटाला लावायचं ऑक्सिजन बघायचं यंत्र घरोघरी आहे, त्यावर विसंबू नका. त्याला या वायूनं धरलेलं रक्त आणि ऑक्सिजनचं रक्त यातला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असताना ते ९८ दाखवू शकतं. रक्ताचीच तपासणी लागते, तीही लवकर.


लेथवाला
मंगळवार, रात्री ८:१०

मागनं सांगतो म्हणालो होतो ते हेच होतं. पण चकरेचं वाक्य सोमवारीच तुम्ही लिहिलं होतं आणि मी मशीनकडंच बघत राहिलो. मी तिथंच विचारायला हवं होतं.


खडेबाजार_७७
मंगळवार, रात्री ९:३०

ताईंच्या आईंना लवकर बरं वाटो. पण सगळ्यांनी एकदम घाबरू नये असं मला वाटतं. आमच्याकडं दहा वर्षं गॅस गिझर न्हाणीतच आहे, दार लावूनच आंघोळ करतो, कुणाला काही झालेलं नाही.


चिकोडीचे_सर
मंगळवार, रात्री १०:१५

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. वरच्या मुद्द्याला आकड्यांनी उत्तर देतो, कारण घाबरण्यापेक्षा मोजणं बरं.

सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला साधारण ०.९ किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे तासाला जवळजवळ ११ घनमीटर, आठ मिनिटांना दीड घनमीटरच्या आसपास. आता न्हाणी धरा पाच फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. ते झाले २४० घनफूट, म्हणजे ६.८ घनमीटर. खिडकी-दार घट्ट बंद असेल तर आठ मिनिटांत त्या खोलीतल्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा संपला. २१ टक्क्यांवरून साडेसोळाच्या आसपास आला. मेणबत्तीची ज्योत साधारण १६ टक्क्यांजवळ विझते. चाफाताईंचा गिझर आठव्या मिनिटाला विझत होता. हिशेब किती जवळ येतो बघा.

हवा कमी झाली की ज्योत आळसावते, बर्नरवरून उचलली जाते, सेन्सरच्या टोकाला लागत नाही, आणि व्हॉल्व मिटतो. काही गिझरांत ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद पडण्याची वेगळी सोयही असते. पण यावर भरवसा ठेवून आंघोळ करू नये. ज्योत जाण्याच्या आधीची काही मिनिटं ती अर्धवट जळत असते आणि नेमका तेव्हाच विषारी वायू बाहेर पडतो.

खडेबाजारचे, तुमच्या न्हाणीत दाराखाली फट असेल, जाळी उघडी असेल, आंघोळी पाच मिनिटांच्या असतील. दहा वर्षं त्या फटीनं तुम्हाला सांभाळलं असेल. एखाद्या गारठ्याच्या सकाळी तुमच्याच घरातलं कुणी तिथं पायपुसणं सारून ठेवील.


मलप्रभाकाठ
बुधवार, सकाळी ६:३०

सरांचं वाचून खानापूरच्या जुन्या घरातली न्हाणी आठवली. तांब्याचा बंब होता, खाली जळण, आणि न्हाणीत धूर इतका की डोळ्यांतनं पाणी यायचं. पण वर कौलं होती. कौलाकौलांतनं धूर निघून जायचा, पावसाळ्यात बाहेरून बघितलं तर अख्खं छप्पर वाफाळल्यासारखं दिसायचं. आजीनं कधी ती वाट बंद करू दिली नाही. आता आम्हीही स्लॅब टाकला, टाइल्स लावल्या, प्लास्टिकचं दार बसवलं. गिझर आणला, पण कौलांची वाट कुणी परत ठेवली नाही. आज सकाळी उठल्या उठल्या आमच्या न्हाणीची काचेची खिडकी बिजागरीतनं काढून ठेवली.


दूरदेशी_लीड्स
बुधवार, दुपारी १:४०

मी मूळचा बेळगावचा, टिळकवाडीचा, आता इंग्लंडात लीड्सला असतो. हा धागा वाचताना गेल्या जानेवारीतली रात्र आठवली. इथं अख्खं घर गरम करायला एक गॅस बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो. एका पहाटे उठलो तर घर बर्फासारखं, बॉयलर चालूच होईना. बायको, लहान बाळ, बाहेर शून्याखाली सहा.

लेथवाला दादांनी सांगितलेल्याच क्रमानं आम्ही गेलो. आधी भिंतीवरचा थर्मोस्टॅट बघितला, त्याचे सेल संपले की बॉयलरला निरोपच जात नाही. ते ठीक होते. मग पाण्याच्या दाबाचा काटा. थंड असताना तो १ ते १.५ बारच्या मध्ये लागतो, फार खाली गेला की बॉयलर पेटायचं नाकारतो. तोही ठीक होता. गॅसची शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस होता. बॉयलर ठिणगी टाकत होता आणि गुरगुरून बंद पडत होता. ती गुरगुर हीच खूण निघाली. या बॉयलरमध्ये धुरातल्या वाफेचं पाणी होतं, ते एका बारीक प्लास्टिकच्या पाइपानं बाहेर सोडलेलं असतं. तो पाइप भिंतीबाहेर गोठला होता. पाणी आत तुंबलं की बॉयलर स्वतःला बंद करतो. कोमट पाणी, उकळतं नव्हे, त्या पाइपावर तीन-चार तांबे ओतलं, बॉयलर परत चालू केला, आणि पेटला.

पण मला सांगायचं ते पुढचं. हा बॉयलर आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे, तरी तो घरातली हवा घेत नाही. भिंतीतून एकात एक असे दोन पाइप बाहेर जातात. बाहेरच्यातून ताजी हवा आत येते, आतल्यातून धूर बाहेर जातो. ज्योतीची पेटी खोलीपासून पूर्ण बंद. शिवाय घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो आणि गॅसचं काम नोंदणी असलेल्या माणसाखेरीज कुणी करायचं नाही असा कायदा आहे. बॉयलरचं झाकण मी उघडलं नाही ते त्यामुळंच. आपल्याकडचा गिझर मात्र ज्या खोलीत माणूस उघड्या अंगानं बसतो त्याच खोलीतली हवा खातो आणि तिथंच धूर सोडतो. आईबाबांच्या घरचा गिझर मी काल रात्री फोनवरूनच बंद करायला लावला.


निपाणीकर_मामा
बुधवार, दुपारी ३:००

पोरी, करंटवरचा गिझर का घेत नाहीस? वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ वर न्यायला अर्धं युनिट लागतं, त्याच्या वर नाही. दोघींना दिवसाला एक-सव्वा युनिट. गृहज्योतीत, म्हणजे सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, बसून जाईल.


चाफा_अनगोळ
गुरुवार, रात्री ८:३०

उशिरा लिहिते, माफ करा. दोन दिवस धावपळीत गेले.

मंगळवारी रात्रीच आईला दवाखान्यात नेलं. नर्सताई, तुम्ही सांगितलेलं पहिलं वाक्यच बोलले. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला, रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला. आंघोळ दुपारी झाली होती, मध्ये सात तास गेले होते, त्यामुळं तपासणीत प्रमाण थोडंसंच जास्त निघालं. पण डॉक्टर म्हणाले की दोन महिन्यांची हकीकत ऐकता शंका राहात नाही. रात्रभर ठेवून सकाळी सोडलं. बीपीची गोळी बदलायची गरज नाही म्हणाले.

घरी आल्यावर पहिल्यांदा फ्लेक्स काढला. खिळे उपटताना जाळीच्या कडेला काळी काजळी दिसली. गिझरच्या वरच्या भिंतीवरही टाइल्सवर हाताच्या पंजाएवढा काळसर डाग होता. तो दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर होता, मी त्याला बुरशी समजून ब्लीचिंगनं पुसत होते.

काल संध्याकाळी वडगावहून एक म्हातारे प्लंबर आले, कन्नड बोलणारे. मी त्यांना न्हाणी दाखवली. त्यांनी गिझरला हातसुद्धा लावला नाही. खिडकीखाली उभे राहिले, वर बघितलं, मग माझ्याकडं वळून एवढंच म्हणाले, "अक्का, गाळी बेकु." हवा पाहिजे. आणि टेप काढून परसाची भिंत मोजायला लागले.

मामा, करंटच्या गिझरचा विचार केला. आमची गृहज्योतीची मर्यादा २०२२-२३ च्या सरासरी वापरावरून बसलीय, आणि त्या वर्षी आम्ही गॅसवरच होतो, म्हणून आकडा लहान आहे. शिवाय झडीच्या दिवसांत सकाळी करंट जातो तो जातोच. सध्या गॅसच ठेवतेय, पण घराबाहेर.


लेथवाला
गुरुवार, रात्री ९:००

आई घरी आल्या, बरं वाटलं.

बाहेर लावताना वाऱ्याची बाजू सोडा. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडनं मारतो, तो सरळ बर्नरवर आला तर ज्योत विझवत राहील, आणि मग परत कुणीतरी मिस्त्री सेन्सर बायपास करायला येईल. छप्पर पाहिजे, पण एक बाजू पुरी मोकळी. कपाट करून झाकू नका. कुठल्याही झोपायच्या खोलीची खिडकी त्याच्या वर किंवा शेजारी नको. गॅसची नळी ठसा मारलेली घ्या आणि तारीख बघा, पाच वर्षांनी ती बदलायचीच. जोडणी झाली की साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. काडी ओढून बघायची नाही.


नर्सताई_शहापूर
गुरुवार, रात्री ९:२५

आणि न्हाणीच्या दाराची आतली कडी काढून टाका ताई. आईंच्या वयाला ती नकोच, गिझर असो वा नसो. पडदा लावा, बाहेर पाटी लावा, पण कडी नको.


चाफा_अनगोळ
पुढचा रविवार, सकाळी १०:४०

काम शुक्रवारी झालं. गिझर परसात, पूर्वेच्या भिंतीवर, पत्र्याखाली. सिलिंडर त्याच्या शेजारी, जमिनीवर लाकडी पाटावर. न्हाणीपर्यंत बारा फूट पाइप, त्याला काळ्या फोमचं वेष्टण. न्हाणीच्या खिडकीला प्लंबरकाकांनी तिरप्या काचपट्ट्या बसवल्या, पाऊस आत येत नाही आणि हवा येते. दाराची कडी काढली. आईनं सुरुवातीला कुरकुर केली, मग स्वतःच जुन्या इरकल साडीचा पडदा शिवून दिला.

नळ सोडल्यावर पहिले दोन-तीन तांबे गार पाणी येतं, ते आई बाजूच्या बादलीत धरते आणि तुळशीला घालते. आज पंचवीस मिनिटं निवांत आंघोळ केली तिनं, मधे टायमरनं एकदा बंद झाला तेव्हा नळ मिटून परत सोडला. मी शेजारीच परसात उभी राहून गिझरच्या बारक्या खिडकीतून ज्योत बघत होते. निळी. शेंड्यालासुद्धा पिवळेपणा नाही. शुक्रवारपासून डोकं गरगरलेलं नाही.


खडेबाजार_७७
रविवार, सकाळी ११:१५

ताई, त्या प्लंबरकाकांना आमच्या गल्लीत यायला सांगाल का? आमच्या न्हाणीत जाळीच नाही, सरांचं वाचून आज बघितलं. सगळा हवेचा मार्ग दाराखालच्या दोन बोटं फटीचा. गिझर मंगळवारपासून बंद ठेवलाय. भोक पाडायचं तर किती मोठं पाडतात?


चाफा_अनगोळ
रविवार, सकाळी ११:३०

दादा, नुसतं भोक पाडू नका, गिझरच बाहेर काढा असं ते पहिल्यांदा सांगतील. मी त्यांना बोलते. उद्या बाराच्या आत घरी असाल ना?